धाकट्याचा दाखला

पाच वर्षं मी माझ्या धाकट्या भावाच्या नावावर फुटबॉल खेळलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी डोळे मोठे करायला नकोत. चोरी म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. पण मी काही चोरून आणलं नव्हतं. ते मला घरातूनच दिलं गेलं, पाठीवर हात ठेवून.

मी फॉरवर्ड. नऊ नंबर. सगळी मॅच लोकांच्या शिव्या खायच्या आणि एका सेकंदात सगळ्यांची तोंडं बंद करायची, एवढंच काम. ते मला जमायचं. पण बाराव्या वाढदिवसाला माझी पंचाईत झाली. क्लबची पोरांची टीम बारा वर्षांखालची होती, आणि तिच्या वरच्या टीममध्ये मिसरूड फुटलेले दांडगे होते. मी अंगानं एवढासा. तिथे गेलो असतो तर वर्षभर बाकावर बसून पाण्याच्या बाटल्या सांभाळल्या असत्या.

आमच्या कोचना सगळे शिट्टीसर म्हणायचे, कारण ते बोलायचे कमी आणि शिट्टी जास्त वाजवायचे. ते एका संध्याकाळी बाबांच्या दुकानात आले. बाबा काचवाले. खिडक्यांच्या, आरशांच्या, फोटोच्या चौकटींच्या काचा कापून द्यायचे. सरांनी त्यांना समजावलं की वय सगळेच कमी लावतात, कुणी दोन वर्षं तर कुणी चार. मागे एका टीमचा कॅप्टन तर दोन पोरांचा बाप निघाला होता. पण ते लोक कुठून तरी खोटा जन्मदाखला छापून आणतात आणि कधी ना कधी पकडले जातात. "तुमचं तसं नाही," सर म्हणाले. "तुमच्या घरात खरा दाखला नुसता पडून आहे."

तो दाखला धाकट्याचा. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. शिक्का खरा, सही खरी, ऑफिसातली नोंद खरी. आणि धाकटा तेव्हा खेळत कुठे होता? बारा महिने सर्दी, नाक पुसत दुकानाच्या पायरीवर बसलेला. त्याला कशाला लागणार होता दाखला?

बाबांना हे लगेच पटलं, आणि का पटलं ते मला माहीत आहे. मोठ्या काचेतून खिडकी कापली की बाजूला एक पट्टी उरते. बाबा ती कधी टाकायचे नाहीत. भिंतीशी उभी करून ठेवायचे, आणि कधीतरी नेमकं त्याच मापाचं गिऱ्हाईक यायचं. काच खरी, माप बसतंय, मग त्यात खोटं काय? दाखल्याचंही त्यांनी तेच केलं. घरात एक पट्टी उरली होती, ती थोरल्याला बसवून दिली. आईनं एकदाच विचारलं की उद्या धाकट्याला लागला तर. बाबा म्हणाले, धाकट्याचं बघू.

तेव्हापासून शाळेत मी मी होतो आणि मैदानावर धाकटा. त्यात घोळ व्हायचं कारण नव्हतं, कारण मैदानावर नावानं हाक मारतो कोण? काचवाल्याचा म्हणून मला सगळे काच्या म्हणायचे. धाकट्याचं नाव फक्त रजिस्टरात, टीमच्या यादीत आणि लाउडस्पीकरवर. पहिले दोन-चार दिवस हजेरीला मी गप्प उभा राहायचो, मग सर डोळे वटारायचे. पुढे सवय झाली.

दहा वर्षांच्या पोरांमध्ये बारा वर्षांचा असणं म्हणजे काय, ते अनुभवल्याशिवाय कळायचं नाही. खांदा लावला की पोरं उडायची. एका टीमचा डावा बचावपटू चष्मा दोरीनं डोक्याला बांधून खेळायचा. मी मुद्दाम त्याच्या बाजूनं जायचो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. त्याची आई धावत मैदानात आली, पोराकडे बघायच्या आधी माझ्याकडे बघून म्हणाली, "केवढा आहे हा." सरांनी शिट्टी वाजवून तिला बाहेर काढलं. मला त्या पोराचं वाईट वाटलं का? खरं सांगतो, नाही वाटलं. मला वाटलं, चला, आता उरलेली मॅच डावी बाजू मोकळी.

पेपरात फोटो आला, 'अवघ्या अकराव्या वर्षी'. त्या वेळी मी तेरा वर्षांचा होतो. बाबांनी तो फोटो चौकट करून दुकानात लावला. चौकटीला काच अर्थातच उत्तम. गिऱ्हाइकं विचारायची, हा तुमचा धाकटा का? बाबा मान डोलवायचे. पायरीवर बसलेल्या धाकट्याकडे बघून लोक म्हणायचे, आणि हा थोरला दिसत नाही हो. त्यावर बाबा हसायचे, मी हसायचो, आणि धाकटाही हसायचा. आई मात्र माझी मेडल्स माझ्या कपाटात कधी ठेवायची नाही. ज्याचं नाव वर कोरलेलं आहे त्याच्या कप्प्यात ठेवायची. मी चिडायचो. ती म्हणायची, मला वाचता येतं.

आता धाकट्याचं सांगतो. अकराव्या वर्षी त्याची सर्दी बरी झाली आणि तो खेळायला लागला. आणि काय खेळायला लागला. माझं सगळं धावण्यावर आणि धक्क्यावर. हा धावायचाच नाही. सगळे पळत असताना हा उभा. वाटायचं, ह्याला खेळ कळलेला नाही. मग बॉल आपसूक त्याच्या पायाशी यायचा आणि तो बोटानं टिचकी मारावी तसा पायानं मारायचा, हलकेच, गोलकीपरच्या अगदी जवळून. म्हणून त्याचं नाव टिचकी पडलं. जोर लावून मारलेला त्याचा एकही गोल मला आठवत नाही.

मी त्याला एकदा विचारलं की तुला कसं कळतं कधी मारायचा. तो म्हणाला, दादा, सगळे गोलकीपरच्या हातांकडे बघतात, मी त्याच्या टाचा बघतो. टाच उचलली म्हणजे त्याचं ठरलं कुठे उडी मारायची ते. मग दुसरीकडे ढकलायचा. सांगून मोकळा झाला, कसला भाव खाल्ला नाही. मी पुढच्याच रविवारी ते करून बघितलं आणि दोन गोल केले. पेपरवाल्यानं विचारलं, हे कुणाकडून शिकलास? मी म्हटलं, उपजतच आहे.

तर असा टिचकी. पण क्लबात नाव कुठून लावणार? त्याचा दाखला माझ्याकडे. माझा दाखला त्याला लावावा तर तो कागदावर दोन वर्षांनी मोठा होणार, म्हणजे दांडग्यांच्या टीममध्ये जाणार, आणि अंगानं तो चिपाड. सर म्हणायचे, पुढच्या वर्षी बघू. असं करत चार वर्षं तो फक्त सरावाला खेळला. सरावात आमच्या बचावपटूंची अब्रू काढायची आणि मॅचच्या दिवशी दोरीबाहेर उभं राहून माझ्यासाठी टाळ्या वाजवायच्या. मला त्याचा मत्सर वाटायचा. खूप वाटायचा. त्यानं टाळ्या वाजवल्या की जास्तच.

मी सतरा वर्षांचा झालो, कागदावर पंधरा, तेव्हा एक अकादमीवाला मला बघायला आला. निवासी अकादमी. राहणं, जेवण, शाळा, बूट, सगळं तिथे. सोळा वर्षांखालच्या टीममध्ये फॉरवर्डची एक जागा रिकामी होती. माणूस करड्या केसांचा, हातात बारकी वही. सर आधीच कानात सांगून गेले होते की वयाच्या बाबतीत हा फार कडक आहे. पूर्वी ह्यानं एक टीम घडवली होती, त्यातले निम्मे मोठे निघाले आणि ह्याची नोकरी गेली, तेव्हापासून कुणावर विश्वास नाही. त्याच्यासाठी सरांनी सरावाची मॅच ठेवली. समोरच्या टीममध्ये एक कमी होता म्हणून टिचकीला उभं केलं. झालं. पहिल्या अर्ध्या तासात टिचकीनं तीन गोल केले. मी एक केला, तो बरा होता. पण अकादमीवाल्यानं माझं पान उलटून दुसरं पान काढलेलं मी मैदानातून बघितलं.

तो टिचकीशी दहा मिनिटं बोलला. माझ्याशी बोललाच नाही. सरांना म्हणाला, ह्या पोराचा मनगटाचा एक्स-रे काढून मला पाठवा. मनगटाच्या हाडांवरून वय कळतं म्हणे. सर त्याला घेऊन गेले, रिपोर्ट आला, पंधरा. मग अकादमीवाल्याचा फोन आला की महिनाअखेरच्या शनिवारपर्यंत जन्मदाखला आणा, पलंग राखून ठेवला आहे. टिचकी त्या दिवशी घरभर नुसता हसत होता. मूर्खासारखा.

आणि त्याच आठवड्यात लीगनं आमच्या टीमचे एक्स-रे काढले. माझ्या मनगटानं घात केला. रिपोर्टात लिहिलं, सतरा ते अठरा. गुरुवारी फेडरेशनच्या ऑफिसात चौकशी, पालकांसह हजर राहावे.

सर घरी आले आणि पहिल्यांदाच शिट्टी न वाजवता नीट बोलले. म्हणाले, दोन वाक्यं आहेत. पहिलं वाक्य, 'दाखला माझाच आहे, तारीख चुकून कमी लागली.' हे म्हटलं तर शिक्षा नाही. आपण होऊन कबूल करणाऱ्यांना यंदा माफी आहे. हाड सांगतं ते वय लावतील आणि तुला मोठ्यांच्या लीगमध्ये टाकतील. तिथे क्लबच्या फॉरवर्डचा गुडघा गेलाय, रविवारपासून तू नऊ नंबर. दुसरं वाक्य, 'दाखला भावाचा आहे, मी त्याच्या नावावर खेळलो.' म्हणजे तोतया. दोन वर्षं बंदी, आणि सही करणाऱ्या पालकांवर तक्रार.

आईनं विचारलं, आणि पहिलं वाक्य म्हटलं तर धाकट्याचं काय? सर म्हणाले की मग ते नाव कायमचं ह्याचं झालं, धाकट्याला थोरल्याचा दाखला वापरावा लागेल, त्यावर सतरा वर्षं आहेत. आई म्हणाली, पण त्याचं हाड तर पंधरा सांगतं. सरांनी मान हलवली. नियम असा आहे, की कागद आणि हाड ह्यांत जे मोठं निघेल ते धरायचं. थोरल्याचं हाड मोठं, म्हणून तो मोठा. धाकट्याचा कागद मोठा, म्हणून तोही मोठा. सोळाखालच्या टीमचं दार बंद.

बाबांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते. काचेच्या कामानं त्यांच्या बोटांवर कायम चिरा असायच्या, त्यांतली एक ते नखानं खरवडत होते. म्हणाले, ह्याचं आज आहे, त्याचं उद्याही होईल. धाकट्याचं बघू.

आई उठून माझ्यासमोर बसली. ती शर्टांना काजं करायची, मांडीवर तेव्हाही अर्धा शर्ट होता. "तू दोन वर्षं बसलास तरी एकोणिसाव्या वर्षी पुन्हा खेळशील," ती म्हणाली. "त्याचं हे एकदाच आहे. मी दोघांना जन्म दिलाय, मला माहीत आहे कोण कधी झाला." हिशेब तिचा बरोबर होता. म्हणून तर राग आला.

बुधवारी दुपारी मी गच्चीच्या जिन्यात बूट घासत बसलो होतो. टिचकी आला, एक पायरी खाली बसला. बराच वेळ माझ्या बुटांच्या खिळ्यांतली माती काडीनं काढत राहिला. मग म्हणाला, "दादा, माझं नाव मला देशील?"

त्यानं पूर्वी माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. उष्टा पेरूसुद्धा नाही. मी म्हटलं, देतो की. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. पुन्हा विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की, आईशप्पथ. आणि त्या क्षणी मी खरंच देणार होतो. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. डोळ्यांत पाणीबिणी आलं. टिचकी खाली गेला आणि त्यानं पिशवी भरली. चार शर्ट, टॉवेल, दात घासायचा ब्रश. ब्रश आधीच भरला म्हणून गुरुवारी सकाळी बोटानं दात घासले.

फेडरेशनचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. भिंतीला धूळ बसलेले कप, वर करकरणारा पंखा, मध्ये मोठं टेबल, त्यावर काच. काचेचा एक कोपरा तडकलेला. बाबा आत गेल्यापासून त्या कोपऱ्याकडेच बघत होते, मनातल्या मनात माप घेत असणार. टेबलापलीकडे तिघं. एक म्हातारे माजी रेफरी, एक डॉक्टरीणबाई आणि लिहून घेणारा कारकून. मी, आई, बाबा खुर्च्यांवर. टिचकी दाराबाहेरच्या बाकावर. दार उघडंच होतं.

रेफरीनं रिपोर्ट बघितला, दाखला बघितला, चष्मा काढून मला बघितलं. वाईट माणूस नव्हता. मला म्हणाला की घाबरू नकोस, जे असेल ते सांग, दाखला तुझाच आहे का?

मी दाराकडे बघितलं. टिचकी बाकावरून पुढे वाकून माझ्याकडेच बघत होता, ओठ जरा उघडे. मला रविवार दिसला. मोठं मैदान दिसलं, कुंपणाला चिकटलेली माणसं दिसली. दोन वर्षं त्या कुंपणाबाहेर मी उभा आहे आणि पेपरात टिचकीचा फोटो आहे, हेही दिसलं. दुसरं जास्त स्पष्ट दिसलं.

मी म्हणालो, "माझाच आहे."

बाबांनी पुढचं सगळं बिनचूक सांगितलं. नोंद उशिरा केली, कुणी तरी चुकीची तारीख सांगितली, आम्ही अडाणी माणसं. आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, हे सांगतील ते. कारकून भराभरा लिहीत होता. रिपोर्टात सतरा ते अठरा होतं, म्हणून अठरा धरलं. एका सहीत मी तीन वर्षांनी म्हातारा झालो.

संपलं असं वाटत होतं, तेवढ्यात रेफरीनं दाराकडे बोट केलं. तो कोण? बाबा म्हणाले, दुसरा मुलगा. रेफरीनं त्याला आत बोलावलं. खेळतोस का, विचारलं. टिचकी म्हणाला, हो. रेफरीनं एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग दाखला उलटा फिरवून काचेवरून त्याच्याकडे सरकवला.

"हे नाव कुणाचं आहे, बाळ?"

टिचकीनं ते वाचलं. बोट ठेवून वाचलं, जसं काही अक्षर लागत नव्हतं. मग माझ्याकडे बघितलं. त्याला वाटत होतं की मी आता तरी बोलेन. अजून वेळ होता. रेफरीनं पेन खाली ठेवलं होतं, कारकूनही थांबला होता. मी पंख्याकडे बघितलं.

"दादाचं," टिचकी म्हणाला.

मग तुझं नाव काय, रेफरीनं विचारलं. टिचकीनं माझं नाव सांगितलं. जन्मतारीख विचारली, तीही माझी सांगितली, दिवस, महिना, साल, कुठेही न अडखळता. डॉक्टरीणबाईंनी बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, सतरा? एवढासा? जेवतोस ना रे नीट? कारकून हसला. बाबा हसले. हसायलाच हवं होतं, म्हणून मीही हसलो. रेफरी हसला नाही. त्यानं दाखल्यावर शिक्का मारला आणि माझ्याकडे दिला.

घरी आल्यावर टिचकीनं पिशवी स्वतःच रिकामी केली. मला तो एक अक्षर बोलला नाही. शिवी दिली असती, कानाखाली वाजवली असती, तर बरं झालं असतं. मी वाट बघत होतो. मी शब्दसुद्धा तयार ठेवले होते, की तुझं वय लहान आहे, तुला अजून खूप संधी आहेत, वगैरे. वापरायची वेळच आली नाही.

त्यानं अकादमीवाल्याला फोन करावा असं बाबांनी दोनदा सुचवलं. त्यानं केला नाही. बाबांनीही केला नाही. तेव्हा शनिवारी दुपारी तो माणूस स्वतःच दारात उभा. आम्ही जेवत होतो. पलंग राखून ठेवलेला, कागद आला नाही, म्हणून चार तास प्रवास करून आला होता. अंगावर धूळ, हातात तीच वही. आईनं पाणी पुढे केलं. त्यानं ते घेतलं नाही, टिचकीला म्हणाला, कागद दे, संध्याकाळच्या गाडीनं आपल्याला निघायचंय.

टिचकी हात न धुताच दारात गेला. बाबा ताटावरून अर्धे उठले. त्यांना भीती, की हा आता सगळं ओकणार. मलाही तीच भीती. गुरुवारचं सगळं फुकट गेलं असतं. उद्याची मॅच गेली असती.

"मी येणार नाही," टिचकी म्हणाला. "मी सतरा वर्षांचा आहे."

अकादमीवाल्याला आधी कळलंच नाही. म्हणाला, अरे, एक्स-रे पंधरा सांगतो. टिचकी म्हणाला, कागदावर सतरा आहे. अकादमीवाल्यानं असले प्रकार बघितले होते. एक्स-रेच्या टेबलावर दुसऱ्याच लहान पोराचा हात ठेवायचा, ही जुनी युक्ती. एक्स-रेला त्या दिवशी तो स्वतः नव्हता, सर घेऊन गेले होते.

"एक्स-रेला कुणाचा हात ठेवलास?" त्यानं विचारलं.

टिचकीनं मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर मी दिसलो असतो, हातात घास घेऊन. तो म्हणाला, "दुसऱ्याचा."

अकादमीवाला ओरडला नाही. म्हणाला, मी पंचवीस वर्षं पोरं बघतोय, तुझ्यासारखा पाय मी दोनदाच बघितला. मी तिथे सगळ्यांना सांगून आलो होतो की एक तरी खऱ्या वयाचा मिळाला. तुझ्यासारख्या लबाडांमुळे खऱ्या पोरांच्या जागा जातात, हे कळतं का तुला? टिचकी म्हणाला, हो सर. मग त्यानं वही उघडली आणि कागदावरचं नाव विचारलं. सगळ्या अकादम्यांना कळवतो, म्हणाला, म्हणजे आणखी कुणाला फसवायला नको. टिचकीनं नाव सांगितलं. त्या माणसानं ते नीट लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या.

नाव माझं होतं. म्हणजे लबाड म्हणून शेवटी माझंच नाव लिहिलं गेलं. फक्त ते आता माझं राहिलं नव्हतं.

तो गेल्यावर टिचकी थोडा वेळ दारात उभा राहिला, मग येऊन ताटावर बसला. बाबा म्हणाले, शहाणा आहेस. आईनं त्यांच्याकडे बघितलं आणि माझ्या ताटात आणखी एक पोळी टाकली. म्हणाली, "खा. उद्या खेळायचंय तुला."

घास घशात अडकतो म्हणतात अशा वेळी. माझा काही अडकला नाही. मला भूक लागली होती. मी ती पोळी खाल्ली आणि आणखी एक मागून घेतली.